हजेरीत हेल्पर, होडीवर मिस्त्री

फायबरची होडी बांधणाऱ्या कारागिराला कुशल कामगाराची मजुरी मिळाली पाहिजे. या आठवड्याचं म्हणणं एवढंच आहे. ते पहिल्याच ओळीत सांगून टाकलं, कारण किनाऱ्याचा विषय काढला की बोलणं लगेच डिझेलचा परतावा, एलईडीची मासेमारी आणि रखडलेल्या जेटीकडे वळतं. ते प्रश्न मोठेच आहेत. पण ज्या होडीच्या जिवावर हे सगळं चालतं ती होडी कुणीतरी हाताने बांधलेली असते, आणि त्या हाताचा भाव काय, हे विधानसभेत कुणी विचारत नाही, मच्छीमार सोसायटीत नाही आणि होडी विकत घेणाराही नाही.

ससून डॉकपासून हर्णै, मिरकरवाडा, देवगड, मालवण, वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही बंदरात उभे राहा. मोठ्या लाकडी नौका अजून आहेत. लहान होड्यांमध्ये मात्र फायबरने केव्हाच जागा घेतली. सागवान परवडत नाही, लाकडाला कीड लागते, दरवर्षी डागडुजी काढावी लागते. लाकडाची होडी बांधणाऱ्या सुताराचं नाव पंचक्रोशीला माहीत असे. अमक्याच्या हातची होडी म्हटलं की पुढची घासाघीस आपोआप कमी व्हायची. फायबरच्या होडीवर यार्डाचं नाव असतं, मालकाचं असतं, देवाचं असतं. ज्याने ती थरावर थर चढवून उभी केली तो यार्डाच्या हजेरीत ‘हेल्पर’ असतो. दहा वर्षं काम करूनही हेल्परच. कारण त्याच्याकडे आयटीआयचा कागद नाही, आणि कागद नाही म्हणून कौशल्य नाही, असा सोयीचा हिशेब मालकाने मांडलेला आहे. तो खोटा आहे.

कसा खोटा आहे ते साच्याशी जाऊन पाहावं. आधी साच्याला मेण घासायचं, एकदा नव्हे, अनेकदा. एक जागा सुटली तर होडी साच्याला चिकटते आणि दोन्ही वाया जातात. मग जेलकोट. तो पातळ झाला तर आतली काच पुढे वर दिसते, जाड झाला तर तडकतो. त्यानंतर काचेच्या मॅटचे आणि विणलेल्या रोव्हिंगचे थर, प्रत्येक थर रेझिनमध्ये भिजवून. रेझिनमध्ये आधी कोबाल्ट नीट मिसळायचं आणि मग शेवटी हार्डनर. हे दोन एकमेकांत थेट मिसळले तर भडका उडतो, स्फोट होतो. ज्याला हेल्पर म्हणतात तोच माणूस ही दोन भांडी हाताळतो.

हार्डनर घातला की घड्याळ सुरू. साधारण वीस मिनिटांत रेझिन थिजायला लागतं. मे महिन्यातल्या उन्हात त्याहून लवकर, पावसाळी हवेत कधी रेंगाळत. हार्डनर शेकडा एक टाकायचा, दीड टाकायचा की दोन, हे पिंपावर छापलेलं असतं, पण त्या दुपारी मालवणच्या खाडीवर हवा कशी आहे ते पिंपाला ठाऊक नसतं. ते कारागिराला ठाऊक असतं. बादलीवर तळहात धरून, ती किती तापली ते बघून तो ठरवतो. मग रोलर. काचेखाली अडकलेला हवेचा बुडबुडा पांढुरक्या ठिपक्यासारखा दिसतो. तो रोलरने कडेपर्यंत ढकलत न्यायचा आणि बाहेर काढायचा. जोर जास्त झाला तर रेझिन वाहून जातं आणि काच कोरडी राहते, कमी झाला तर बुडबुडा आतच राहतो. मालवणजवळच्या एका यार्डात मी एका कारागिराला विचारलं की मधे चहाला थांबता येत नाही का. रोलर न थांबवता तो म्हणाला, “हात थांबलो की काम गेला.”

आणि वरून जेलकोटची चकाकी आली की यातलं काहीही दिसत नाही. या धंद्यात मजुरी दाबता येते ती इथेच. सुताराचा सांधा गिऱ्हाइकाला दिसतो. लॅमिनेशनमधला बुडबुडा दिसत नाही. तो दोन-तीन हंगामांनी दिसतो, लाटेचे तडाखे खाऊन थर सुटायला लागतात तेव्हा. तोपर्यंत पैसे चुकते झालेले असतात. होडी घेणाऱ्यांना एक सांगतो. खिशातलं नाणं काढा आणि होडीच्या अंगावर बोट-बोट अंतराने ठोकत जा. भरीव जागेचा आवाज खणखणीत येतो, थर सुटलेल्या जागेचा बद्द. तुमच्या होडीत कुशल हात फिरला की नाही, हे नाणं बरंचसं सांगतं.

आता पैशाचं बोलू, कारण यार्डमालक नेहमी म्हणतो की मजुरी वाढवली तर होडी महागेल. हिशेब करून बघू. होडीचं अंग ४० चौरस मीटर धरा. ४५० ग्रॅमच्या मॅटचे चार थर, ६०० ग्रॅमच्या रोव्हिंगचे तीन. म्हणजे दर चौरस मीटरला ३.६ किलो काच. मॅटला तिच्या वजनाच्या सव्वादोन पट रेझिन लागतं, रोव्हिंगला जवळपास तिच्याच वजनाइतकं. एकूण सुमारे २३५ किलो रेझिन. हे कसलेल्या हाताचं गणित झालं. कच्चा हात भीतीपोटी जास्त ओततो. पाचवा हिस्सा जास्त गेला तरी ४७ किलो झाले. किलोला १५० रुपये धरले तर ७,०५० रुपये नुसते ओतले गेले. आता चार कारागीर सहा दिवस कामावर आहेत आणि प्रत्येकाला रोज २०० रुपये जास्त दिले असं धरा. वाढीव खर्च ४,८००.

म्हणजे मजुरीत वाचवलेले पैसे रेझिनमध्ये गेले, वर आणखी सव्वादोन हजार गेले. आणि ते ४७ किलो बादलीत राहत नाहीत, होडीतच राहतात. जास्त रेझिनने होडी बळकट होत नाही, ठिसूळ होते. तो मेलेला भार नाखवा वर्षानुवर्षं डिझेल जाळून ओढतो. स्वस्त मजुरीचा खर्च असा यार्डातून निघून समुद्रावर जातो, आणि तो भरतो कोण, तर कर्ज काढून होडी घेतलेला माणूस.

हे प्रमाण प्रत्येक यार्डाला तंतोतंत लागू पडेल असं नाही. रेझिनचा भाव बदला, थर बदला, आकडे हलतील. पण आपल्या यार्डातला एकतरी हिशेब असा मांडून पाहिलेला मालक मला भेटायचा आहे. मजुरीचा आकडा त्याला तोंडपाठ असतो, वाया गेलेल्या रेझिनचा नसतो.

घाईघाईत, न शिकवलेल्या हातांनी होड्या बांधल्या तर काय होतं हे आपल्या शेजारी घडून गेलं आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या आणि श्रीलंकेच्या किनाऱ्यावर मदतीचा पैसा आला. फायबरच्या होड्यांची मागणी एका झटक्यात वाढली आणि जिथे काल काही नव्हतं तिथे आज यार्ड उभं राहिलं. श्रीलंकेत संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या तज्ज्ञांना होड्या तपासत फिरावं लागलं. मदत म्हणून वाटलेल्या कितीतरी होड्या समुद्रात न्यायच्या लायकीच्या नव्हत्या. ज्यांचं सगळं समुद्राने नेलं होतं, त्यांच्या हाती पुन्हा समुद्रात न टिकणारी होडी आली. पैसा होता, काच होती, रेझिन होतं. शिकलेले हात तेवढे नव्हते, कारण असे हात एका मोसमात तयार होत नाहीत, आणि पोटापुरतं मिळालं नाही तर टिकतही नाहीत.

उलट टोकाचं उदाहरण आपल्याच घरात आहे. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात ‘म्हादेई’ बांधली गेली. ५६ फुटांची शिडाची नौका, लाकडी पट्ट्यांचा गाभा आणि त्यावर इपॉक्सीत भिजवलेला फायबरग्लास. तिच्यावरून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये तीच प्रदक्षिणा कुठेही न थांबता पूर्ण केली. पुढे त्याच यार्डाने ‘तारिणी’ बांधली. तिच्यावरून नौदलाच्या सहा महिला अधिकारी २०१७-१८ मध्ये जगाला वळसा घालून आल्या, आणि २०२४-२५ मध्ये नौदलाच्या दिलना आणि रूपा या दोघीच. केप हॉर्नच्या खालचा समुद्र जगातला सगळ्यात निर्दय समजला जातो. मांडवीच्या पात्रात हातांनी चढवलेले थर तिथे सुटले नाहीत. त्या यार्डात कुणाला किती मजुरी मिळाली हा इथला मुद्दा नाही. मुद्दा असा की आपल्या किनाऱ्यावरचे कारागीर जगाच्या कसोटीला उतरणारं काम करतात, हे सिद्ध होऊन पंधराहून अधिक वर्षं झाली. मग बाकीच्या यार्डांमध्ये ‘आपल्याकडे कुठे कुशल कामगार आहेत’ हे रडगाणं कशासाठी?

कुशल कामगार आहेत. ते टिकत नाहीत, एवढंच. अजमान आणि उम्म अल क्वैनला फायबरच्या बोटींचे मोठे कारखाने आहेत. कोकणातल्या पोराला आखाताची वाट नवीन नाही. इथे हात बसला, रोलरवर पकड आली, की तो पासपोर्ट काढतो आणि यार्ड पुन्हा नव्या पोराला मेण घासायला शिकवायला बसतं. अमेरिकेच्या कामगार खात्यात या कामाला स्वतःचा वेगळा सांकेतिक क्रमांक आहे, ५१-२०५१, आणि त्याखाली त्या कारागिरांच्या पगाराची दरवर्षी नोंद होते. तासाला वीस डॉलरच्या आसपास मजुरी तिथे पडते. डॉलरची बरोबरी इथे कुणी मागत नाही. या कामाचा भाव कुणीतरी सरकारी कागदावर लिहून ठेवावा, एवढं मागायला काय हरकत आहे?

आपल्या राज्यात किमान वेतनाच्या अधिसूचनांत कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा पायऱ्या असतात, आणि बहुतेक उद्योगांत परिमंडळंही. महानगरपालिकेच्या हद्दीत दर वरचा, खेड्यात खालचा. फायबरची यार्डं असतात खाडीच्या काठी, म्हणजे खालच्या परिमंडळात. त्यात कारागिराची नोंद हेल्पर, म्हणजे अकुशल. त्यामुळे ज्याच्या कामावर पाच-सहा जणांचा जीव तरंगतो, त्याचा कायदेशीर दर तळातल्या पायरीवरचाही तळाचा. समुद्र मात्र परिमंडळ बघून लाटा मारत नाही.

वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिने एक चांगली गोष्ट केली. आधी किमान वेतन फक्त अनुसूचीत नाव असलेल्या उद्योगांना लागू होतं, आणि आपलं यार्ड कुठल्या अनुसूचीत बसतं यावर वाद घालायला मालकाला जागा होती. आता किमान वेतन सगळ्यांना आहे. देशभर एक तळाचा दर ठेवण्याचीही तरतूद आहे. केंद्राने २०१९ मध्ये असा दर सांगितला होता तो दिवसाला १७८ रुपये. रेझिनची वाफ अडवणाऱ्या मुखवट्याची एक फिल्टरजोडीसुद्धा तेवढ्यात येत नाही. नवा तळ ठरवताना हा आकडा कुणी आधाराला धरू नये.

संहितेत आणखी दोन कलमं या धंद्याच्या वर्मावर बसणारी आहेत. एक, मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत, आठवड्याचा शेवटच्या कामाच्या दिवशी, रोजंदारी त्याच दिवशी पाळी संपताना. यार्डातला रिवाज काय आहे? थोडी उचल आज, बाकी होडी पाण्यात गेल्यावर. होडी पाण्यात जाते ती घेणाऱ्याच्या कर्जाचा हप्ता सुटेल तेव्हा, अनुदान येईल तेव्हा, मुहूर्त लागेल तेव्हा. तोवर कारागीर वाण्याच्या वहीवर जगतो. दुसरं, जादा कामाला दुप्पट दर. लॅमिनेशन अर्ध्यावर सोडता येत नाही. खालचा थर पुरता कडक व्हायच्या आत वरचा चढला तरच दोन्ही एकजीव होतात, नाहीतर घासत बसावं लागतं आणि जोड कच्चा राहतो. म्हणून मोठं अंग हातात घेतलं की रात्रीचे नऊ वाजतात, दहा वाजतात. हे कामाच्या स्वभावातच आहे. त्या तासांचा दुप्पट दर कारागिराचा हक्क आहे. वडापाव आणि चहा हा त्याचा मोबदला नव्हे.

त्यात पावसाळा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर, सगळ्यांना दुरुस्ती त्याच दोन महिन्यांत हवी. आणि रेझिनच्या कामाला सगळ्यात वाईट हवा तीच. दमट, सगळं ओलं. ताडपत्रीखाली, दिवे लावून, काच कोरडी ठेवायची धडपड करत हे लोक काम उरकतात. मोसमातलं सगळ्यात अवघड काम, सगळ्यात मोठ्या घाईत, आणि नंतर ऑगस्टपासून हजेरीत खाडे. वर्षाची मजुरी काढताना हे रिकामे महिने कोण धरतं?

वाफेबद्दल थांबून बोललं पाहिजे. पॉलिस्टर रेझिनचा जो उग्र, गोडसर वास यार्डाच्या फाटकापासूनच नाकात शिरतो, तो स्टायरीनचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये स्टायरीनला ‘२अ’ गटात टाकलं, म्हणजे माणसाला कर्करोग होण्याची दाट शक्यता असलेल्या पदार्थांत. डोकं जड होणं, चक्कर, डोळे चुरचुरणं हे तर रोजचं. हार्डनरचा एक थेंब डोळ्यात गेला आणि लगेच भरपूर पाण्याने धुतला नाही तर डोळा जाऊ शकतो. ग्राइंडरखाली काचेची धूळ उडते, ती कपड्यांतून घरी जाते आणि अंथरुणापर्यंत खाजवते. हात धुवायला अ‍ॅसिटोन, त्याने कातडी सोलवटते. आणि तोंडावर काय? रुमाल. रुमालाने धूळ थोडीफार अडते, वाफ अजिबात अडत नाही. त्यासाठी वाफ शोषणाऱ्या फिल्टरचा मुखवटा लागतो, फिल्टर बदलावे लागतात, शेडमध्ये हवा खेळवणारे पंखे लागतात. हा खर्च यार्डाचा आहे. कारागिराला ‘सवय झाली’ म्हणून तो वाचत नाही. सवय नाकाला होते, फुप्फुसाला नाही.

आजारी पडला तर? राज्य कामगार विमा योजना दहा किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला, भविष्य निर्वाह निधी वीसला. म्हणून कित्येक यार्डांच्या हजेरीत नऊच नावं असतात. दहावा माणूस ठेकेदाराचा, अकरावा त्याच्या भावाचा. पण सामाजिक सुरक्षा संहितेत एक वाट ठेवलेली आहे. धोक्याचं काम म्हणून केंद्र सरकारने अधिसूचित केलं तर एकच कामगार असला तरी राज्य विमा लागू करता येतो. फायबरग्लासचं लॅमिनेशन त्या यादीत गेलं पाहिजे. कोकणातल्या आणि गोव्यातल्या खासदारांनी एक पत्र लिहावं, एकत्र लिहावं. त्यात पक्षाचा प्रश्न कुठे येतो?

यार्डमालकाची बाजू नाही असं मी म्हणणार नाही. लहान यार्डवाला स्वतःही कधीकाळी रोलर मारूनच वर आलेला असतो. गिऱ्हाईक आगाऊ पैसे तुटपुंजे देतं आणि उरलेले वर्षभर लोंबकळवतं. शेजारचं यार्ड एक थर कमी टाकून दहा हजार कमी सांगतं, आणि गिऱ्हाईक तिकडे जातं. एकट्या मालकाने मजुरी वाढवली तर तो मार खाणार, हे खरं आहे. म्हणूनच दर सगळ्यांना सारखा बांधून द्यायला हवा. आणि त्याची दोरी सरकारच्या हातात आहे. मत्स्यसंपदा योजनेत होड्यांसाठी अनुदान मिळतं, सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. हा जनतेचा पैसा. तो ज्या यार्डात जातो त्या यार्डाने कारागिराचं नेमणूकपत्र, कुशल म्हणून नोंद आणि बँकेत जमा झालेली मजुरी दाखवावी, मगच अनुदानाचा हप्ता सुटावा. होडीची मोजमापं घ्यायला जो अधिकारी जातो, त्यानेच जाताना हजेरीपट बघावा.

परीक्षाही घ्या. आयटीआयच्या वर्गात बसवून नव्हे, यार्डात, साच्यावर. एक मीटर बाय एक मीटरचा तुकडा, चार थर, दिलेल्या वेळात. वजन करा, म्हणजे रेझिनचं प्रमाण कळेल. नाणं ठोका, कापून बघा, बुडबुडे मोजा. उत्तीर्ण झाला त्याला त्याच दिवशी कुशलचा दाखला आणि त्याच दिवसापासून कुशलचा दर. यासाठी इमारत लागत नाही, निविदा लागत नाही. तंत्रनिकेतनाचा एक शिक्षक, मत्स्यव्यवसाय खात्याचा एक माणूस आणि एक जुना मिस्त्री पुरे. जुना मिस्त्री हवाच, कारण कापलेल्या तुकड्यातला दोष पहिल्यांदा तोच ओळखेल.

आणि राज्य विम्याचा बोजा किती पडतो तेही मालकांनी एकदा काढून पाहावं. मालकाचा हिस्सा ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५. महिना १५,००० रुपये पगार असलेल्या कारागिरामागे मालकाला पडतात ४८७ रुपये ५० पैसे. वरच्या हिशेबातलं वाया जाणारं रेझिन सव्वातीन किलोने कमी करा, एका माणसाचा महिन्याचा विमा निघतो.